रोज एकच चमचा

जुमादिल घोड्याला पाणी पाजायला ओढ्यावर गेला, तशी शारकानने पिठाच्या पोत्यामागून डबा काढला. चमचाभर पांढुरकी पूड कोंड्यात कालवली आणि पाटी काश्का गाईसमोर ठेवली.

"खा गं बाई. ते यायच्या आत संपव."

गेल्या वसंतात काश्काचं वासरू जन्मलं, ते पायांवर उभंच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. काश्काची वारही पोटातच अडकली. आठ दिवस ती तापाने पडून होती. जनावरांची डॉक्टर बुरुल तेव्हा म्हणाली होती, "आपल्या खोऱ्याच्या मातीतच सेलेनियम नाही, तर गवतात कुठून येणार? पुढच्या खेपेला विण्याआधी दोन महिने पूड चारा. रोज एकच चमचा. जास्त झाली तर विष."

त्यावर जुमादिल चार घरांना ऐकू जाईल असा हसला होता. "माझ्या आज्याच्या गाई मिठाचा दगड चाटून व्यायल्या. पुड्या माणसांना दे, पोरी!"

त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा बर्फ फोडणं सोपं. शारकानने गुपचूप बुरुलकडून डबा आणला आणि दोन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही.

काश्का सकाळी उन्हं वर आल्यावर व्यायली. वासरू तासाभरात लटपटत उठलं, आचळाला लागलं. दुपारच्या आत वारही पडली. जुमादिल आपल्या चांगल्या कोटाने वासराचं अंग पुसत बसला होता.

"पाहिलंस, म्हातारे? आज्याचं मीठ!"

"हो हो, थोर तुमचा आजा," शारकानने हसू दाबलं.

चहाच्या वेळी बुरुल वासरू बघायला आली. जुमादिल तिच्यासाठी साय आणायला घरात गेला, तशी शारकान तिच्या कानाशी लागली. "तुझ्या पुडीने तारलं गं! पण यांना सांगू नकोस. राहू दे बिचाऱ्यांच्या आज्याचा मान."

बुरुल वासराच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"काकू, तुम्ही डबा न्यायला आलात त्याच्या आदल्याच दिवशी काका येऊन डबा घेऊन गेले होते. 'म्हातारीला कळलं तर जन्मभर चिडवेल,' म्हणाले. गप्प राहीन म्हणून शब्द घेतला माझ्याकडून."

शारकानचा चेहरा उतरला. "अगं, म्हणजे रोज दोन चमचे? विष म्हणाली होतीस ना तू?"

"म्हणूनच तर," बुरुल हळूच म्हणाली, "तुमच्या डब्यात मी नुसती खडूची पूड भरली होती."