मुका बॉयलर

साखर कारखान्यात नवीन कामगारांना व्हीआर हेडसेटमधला बॉयलर दाखवून शिकवायचं ठरलं, तेव्हा तीस वर्षं बॉयलर सांभाळलेले बाबगोंडा अण्णा मनातून खचले. आता आपल्याला कोण विचारणार?

इंजिनिअर शलाकाने आग्रहच केला म्हणून त्यांनी हेडसेट डोळ्यांवर चढवला. मान कलती करून त्यांनी कान दिला.

"मॅडम, ह्यो आवाज करत न्हाई."

"आवाज कशाला, अण्णा? प्रेशर गेजचा काटा दिसतोय ना?"

"नळी फुटायच्या आधी बॉयलर बारीक सुसकारतो. काट्याला ते मागनं कळतंय. त्या आवाजावर मी दोनदा माणसं भाईर काढली."

शलाकाने वही उघडली. "ह्या हेडसेटमधल्या बॉयलरमध्ये आमचं आणखी काय काय राहिलंय?"

अण्णांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस पोरी, येळ लागंल."