पाचवी मासोळी

"चारच ठेवा लागते, माय," काचपेटीकडे पाहत कैलाश म्हणाला. "दुकानवाल्यानं सांगतलं होतं. पाचीच्या पाची मरून जातीन."

सुलोचनाबाईंनी पाहिलं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. पेटी ती केवढी, भात शिजवायच्या गंजाएवढी!

"मंग एक काढून टाक ना."

"कोनाची?" सून रितानं विचारलं.

घरात माणसं पाच, म्हणून मासोळ्या पाच. ज्याच्या नावाची मासोळी, ती घरात असेपर्यंत त्याच्यावरचं मरण अंगावर घेते, असं कैलाशला कुणीतरी पटवून दिलं होतं. सुलोचनाबाईंचे यजमान सुखरामजी घरातले मोठे, म्हणून पहिली निवड त्यांची. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेलेली. त्यांनी डावा हात उचलून काळीकडे बोट दाखवलं. मग कैलाश, रिता आणि नात टीनानं आपापली निवडली. उरलेली तांबडी सुलोचनाबाईंची.

तेव्हापासून खाटेवरच्या सुखरामजींची नजर काळीवरच. सुलोचनाबाई घास भरवायला बसल्या, तरी काळीला दाणे पडले का, हे ते आधी खुणेनं विचारत.

आता सगळ्यांच्या नजरा त्या खाटेकडे वळल्या. सुखरामजी झोपले होते.

"रिता, गडवा आन वं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

गडव्यात काळीला घेऊन त्या गावामागच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर गेल्या. नवऱ्याचं हगणं-मुतणं काढून त्यांचं अंग मोडून आलं होतं. सुटतील बिचारे, त्यांच्या मनात आलं. मीही सुटेन, हेही आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

त्यांनी गडवा कलता केला. काळी क्षणभर भांबावली, मग उथळ पाण्यात फिरू लागली. काठावरचा बगळा दोन पावलं पुढे आला आणि तिला गिळून मोकळा झाला.

घरी आल्या तेव्हा सुखरामजी जागे होते. पेटीतल्या रिकाम्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होते.

"तुमची मासोळी बोडीत सोडली," सुलोचनाबाईंनी धीर करून सांगितलं. "काय करता, पेटीत जागाच नोहती."

सुखरामजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी डावा हात उचलला, तांबडीकडे बोट दाखवलं आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मग त्यांनी बोट काळीच्या कोपऱ्याकडे नेलं, आणि सुलोचनाबाईंवर आणून थांबवलं.