सात नंबरची बाटली

पहिला दिवस: नितळ.
पाचवा दिवस: नितळ.
अकरावा दिवस:

पुढची जागा रिकामी होती. इंजेक्शनचा नमुना घातलेली सात नंबरची बाटली वृषालीने पुन्हा दिव्यासमोर धरली. ती चौदा दिवस नितळ राहायला हवी होती, पण आत धुरकट ढग उतरला होता. म्हणजे इंजेक्शनमध्ये जंतू होते आणि सगळा माल बाद.

"चाचणीत तुझी चूक झाली असं लिही," कशाळकर सर म्हणाले. "मग ती रद्द करून पुन्हा घेता येते. अगं, वडिलांचे दिवस चालू असताना आलीस तू कामावर. हात थरथरले असतील. कोण नावं ठेवणार आहे तुला?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तुला कायम करा म्हणून वर सांगायला मला तोंड राहील का?"

चाचणी संपताच, हातांवरून जंतू गेले का ते कळावं म्हणून, तिने हातमोज्यांची दहाही बोटं जंतू वाढवायच्या काचेच्या तबकड्यांवर टेकवली होती. त्या तबकड्या तिने सरांपुढे ठेवल्या. कुठेही जंतूंचा एक ठिपकासुद्धा उगवला नव्हता.

"बाप समोर निजलाय आणि हिचे डोळे कोरडे," आत्या त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती. "दगड आहे पोरगी." वृषालीला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आत्ताही वाटत नव्हतं.

तिने पेनाचं टोपण काढलं.

अकरावा दिवस: गढूळ.
शेरा: चाचणीच्या तीन दिवस आधी माझे वडील वारले. माझे हात थरथरले नव्हते.