डाव्या बाजूचे बोल्ट

लोहचुंबक चिकटेना. मानसिंगतात्या ते मोटारसायकलच्या बोल्टाला लावायचे आणि ते घसरून मातीत पडायचं. त्यांनी ते पायजम्याला पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा खाली. म्हणजे बोल्ट वरून पॉलिश मारलेले लोखंडी नव्हते. अस्सल स्टेनलेस स्टीलचे होते. तात्यांचा चेहरा उतरला.

"कसं हायती, मामा?" जावई इंद्रजित मागं उभा राहून कौतुकानं विचारत होता. "आख्ख्या गाडीला घातलं. आता गंजायचं नाव न्हाय. तुमचा तरास वाचला."

"लई चांगलं केलं," तात्या म्हणाले. मनात म्हणाले, चांगलं कसलं, वाटोळं केलं.

वाटोळं कसं, ते सांगायला हवं. तात्या पळसदेवचे, आणि लेक योगिनी दिलेली पणदऱ्यात. लेकीच्या घरी बापानं कामाशिवाय जाऊ नये, हा तात्यांच्या घराण्याचा रिवाज. आता लोक लेकीकडं खुशाल मुक्काम ठोकतात, पण तात्यांचा पाय त्या उंबऱ्यापाशी अडायचाच. नशीब एवढंच, की त्यांचा जन्म साखर कारखान्यात फिटरकी करण्यात गेला होता आणि जावयाची गाडी दुधाची होती. दोन्ही बाजूंना कॅन, रोजची सांडलवंड, रोजचं धुणं. बोल्ट गंजायचे. मग महिन्याकाठी योगिनीचा फोन यायचा, "तात्या, आत्याबाई म्हणत्यात गाडीचं बोल्ट गंजल्यात. येऊन जावा."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, प्रयागबाई.

फोन ठेवायच्या आत तात्या पिशवी भरायला घ्यायचे. वर नट-बोल्टचे पाने, खाली फडक्यात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू. दोन एसट्या बदलून पणदऱ्यात उतरायचे, घटकाभराचं काम दिवस मावळेपर्यंत पुरवायचे आणि पाना फिरवता फिरवता लेकीला डोळे भरून बघून घ्यायचे. ती पोळ्या लाटताना आतून काहीबाही बोलायची, ते बाहेर गाडीपाशी बसून ऐकायचे. तेवढ्यावर त्यांचा महिना जायचा.

एक गोष्ट मात्र त्यांच्यातल्या फिटरला खटकायची. गंजायचे ते डाव्या बाजूचेच बोल्ट. त्यांनी डाव्या कॅनचं रबर बदललं, मग कॅनच बदलला. तरी डावीच बाजू. शेवटी त्यांनी नाद सोडला. गंजतायत ना, मग गंजू देत. आपल्याला कुठं वाईट आहे?

भीती होती ती विहिणीची. प्रयागबाई तोंडाची फटकळ. तात्या दारात दिसले की म्हणायची, "आलात? ती बघा तुमची गाडी," आणि आत निघून जायची. बसा म्हणून कधी म्हणाली नाही. हिनं आपलं सोंग ओळखलंय, असं तात्यांना पक्कं वाटायचं.

आणि आज सोंगालाही जागा उरली नव्हती. तात्यांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली.

"ब्रेकचं आन् चाकाच्या दांड्याचं बोल्ट? तितंबी हेच घातलं का?"

"न्हाय मामा, ते मूळचंच ठिवलं. तितं ह्याची ताकद पुरत न्हाय."

"आन् इंजिनात बसवताना ग्रीस?"

"लावलं की. न्हायतर जाम व्हत्यात ते."

चुकायला म्हणून जागा ठेवली नव्हती पठ्ठ्यानं. असा हुशार जावई मिळाला म्हणून तात्यांनीच एकदा गावभर पेढे वाटले होते. आता कुणाला बोलणार?

त्यांनी चुंबक पिशवीत टाकलं आणि लाडवांचं पुडकं गुपचूप कट्ट्यावर ठेवलं. योगिनी चहा घेऊन आली, तर बाप पिशवी काखेला मारून उभा.

"एवढ्यात निघालात तात्या?"

"काम न्हाय तर बसून काय करू?"

तिनं कपबशी लाडवांच्या पुडक्याशेजारी ठेवली. पुन्हा कधी येणार, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात प्रयागबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आता ही काहीतरी टोचून बोलणार, म्हणून तात्यांनी मान खाली घातली. पण ती त्यांच्याकडं न बघता सरळ गाडीपाशी गेली. न्हाणीच्या मोरीला लागून गाडी नेहमीसारखी उभी होती. मोरीच्या काठावर बसून तिनं तांब्या कलता केला. पांढरी धार डाव्या बाजूच्या बोल्टांवर पडली.

"आई, ताक का वततीस गाडीवर?" इंद्रजित ओरडला.

"आजच वततीया व्हय?" प्रयागबाईनं पदरानं एक बोल्ट पुसून बघितला. तो आरशासारखा लखलखीत होता. "योगी ह्या घरात आल्यापास्नं वततीया. आंबट ताक आन् वर चिमूटभर मीठ. मोरीतनं डावीकडचंच हाताला येत्यात."

तात्यांनी खाली घातलेली मान वर केली.

"माझा बाप कऱ्हाटीचा," ती म्हणाली. "काय लांब हाय का कऱ्हाटी? पर त्येला यायला कारण घावलं न्हाय. मी ह्या दाराकडं बघत बसायची."

ती उठली. तात्यांच्या काखेतली पिशवी तिनं ओढून घेतली आणि घरात नेऊन ठेवली. परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"पाव्हणं, ह्या स्टीलम्होरं माझं ताक हरलं. आता बिनकारणाचं येत जावा."