त्र्याहत्तराव्या पानाचं करडू

हेमांगी दाभोळे करडाला बाटलीनं दूध पाजत होती. आठशे वर्षांपूर्वी ज्या शेळीच्या कातड्याचं पान झालं, त्या पानातल्याच पेशीपासून हे करडू जन्मलं होतं. बायबलच्या शुभवर्तमानातले पाठ लिहिलेल्या ग्रीक पोथीचं त्र्याहत्तरावं पान आगीत मधोमध जळालं होतं. ठिगळ लावायचं तर त्याच शेळीचं कातडं हवं होतं. यंत्रात वाढवलेलं कातडं जुन्या पानाला धरतच नव्हतं.

पोथ्या दुरुस्त करायला कोल्हापूरहून या बेटावरच्या मठात आली, तेव्हा हेमांगीला हे सगळं सोपं वाटलं होतं. आता तिची चाहूल लागली तरी करडू ओरडायचं.

"उद्याच कापायचं ना?" मठाच्या प्रमुख मदर युफेमिया दारातून म्हणाल्या.

"हो, मदर. उशीर केला तर कातडं जाड होईल." हेमांगीनं करडाला जवळ ओढलं.

मदर आत आल्या. मग त्यांनी टेबलावरची पोथी उघडली आणि ते पान मोठ्यानं वाचायला घेतलं. जळक्या भोकापाशी त्या अडखळल्यासुद्धा नाहीत. चाळीस वर्षं दर वसंतात त्यांनी तो पाठ वाचला होता.

"भोक राहू दे," त्या म्हणाल्या. "पण माझ्यानंतर हे पान न थांबता वाचणारं कुणीतरी हवं. बस इथं. जळालेले अकराच शब्द आहेत."

हेमांगीला ग्रीक जेमतेम यायचं. पहिला शब्द तिचा तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर आला.