डावीकडचे हात

मार्चमधली गावसभा भरायची होती. सभागृहाच्या मागच्या टेबलावर कॉफी उकळत होती, आणि तिच्याहून जास्त वॉल्ट पेकर.

"राष्ट्राध्यक्षांत मोठा लिंकनच! ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांनाच त्यानं मंत्री केलं. एवढं काळीज आहे कुणाचं?"

"आणि वॉशिंग्टन?" शाळेतल्या ॲबटबाई डोनट मोडत म्हणाल्या. "दोनदा निवडून आला आणि आपण होऊन खुर्ची सोडली. ते काय सोपं असतं?"

"आपला कूलिज," ऑरिन टटल म्हणाला. "व्हरमाँटचा माणूस. पुन्हा उभा राहत नाही म्हणाला, विषय संपला."

"मग तू रे एकोणतीस वर्षं या सभेच्या खुर्चीला का चिकटलायस?" वॉल्टनं टोला हाणला.

सगळे हसले. ऑरिनही हसला, पण बोललाच, "एकोणतीस वर्षांत एक निकाल चुकीचा पुकारला नाही मी." म्हाताऱ्याचा तोरा काय तो एवढाच, आणि तो खरा होता.

त्याची बायको हेस्टर पुढच्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर तिनं आपला कोट टाकून ठेवला.

नऊला ऑरिननं हातोडी आपटली. पहिला विषय दरवर्षीचाच, सभेचा अध्यक्ष कोण? नावं दोन आली, ऑरिन आणि शाळेची बस चालवणारी डेल्फीन रॉय. मतदान आवाजी, ज्याच्या बाजूचा आवाज मोठा तो निवडून आला. ऑरिनच्या बाजूचे 'हो' म्हणाले. मग डेल्फीनच्या बाजूचे म्हणाले, आणि ऑरिनच्या डाव्या हाताकडून तर नुसता दणका उठला.

"ऑरिन टटल निवडून आले," ऑरिननं पुकारलं.

कुणी हरकत घेईना. यंदाच्या हिवाळ्यात ऑरिनचा डावा कान गेला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? अशा भल्या माणसाला दुखवायचं कसं हो! डेल्फीनसुद्धा बुटांकडे बघत बसली.

हेस्टर उभी राहिली. "अध्यक्षमहाराज, निकाल मला मान्य नाही. हात मोजा."

सकाळी याच बाईनं त्याचा टाय बांधून दिला होता. ऑरिननं टायच्या गाठीला हात लावला.

"बाईंना तो हक्क आहे," तो म्हणाला. "हात वर करा."

स्वतःसाठीचे हात त्यानं मोठ्यानं मोजले. अठ्ठेचाळीस. हेस्टरचा हात मांडीवरच होता. डेल्फीनचे मोजताना त्यानं डावीकडून सुरुवात केली. शेवटचा हात अगदी समोर होता, हेस्टरचा.

"एकसष्ट." आवाज तसूभर हलला नाही. "डेल्फीन रॉय निवडून आल्या. आधीचा निकाल चुकीचा होता. चूक माझी."

त्यानं हातोडी डेल्फीनच्या हातात दिली. सगळं गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं. वॉल्ट पेकर डोळे पुसत ओरडला, "कूलिजच्या पंगतीला बसवलं रे तुला!"

"काही नको," हेस्टर म्हणाली. मान ताठ होती. तिनं खुर्चीवरचा कोट उचलला. "तो इथं बसणार आहे."

ऑरिन बसला. त्याचा उजवा, चांगला कान तिच्या बाजूला आला. ती त्या कानाशी वाकली.

"एकोणतीस वर्षांत एकही निकाल चुकीचा नाही," ती म्हणाली. "आजचा धरून."