मांजऱ्या

"गोटा विहिरीतून मी काहाडला, अन् नाव तुह्या सराचं काहून?"

शाळेच्या व्हरांड्यात देवमन भडकला होता. टेबलावर पेपर हातरून पंधरा-वीस गोटे मांडेल होते. त्यातल्या चमकत्या पांढऱ्या गोट्यापुढं चिठ्ठी होती : 'संग्रह – रविकांत सर'.

"बाबा, हळू बोला नं," रूपा म्हणे. "संग्रह म्हंजे जमा करनं. मीच नेऊन देल्ला सरले."

देवमननं त्या पांढऱ्या गोट्यावरून बोट फिरवलं. विहिरी खंदता खंदता त्याची बोटं झिजली, पन असा गोटा एकच भेटला होता. साठ फुटावरून दुपट्ट्यात बांधून वर आनला, पोरीसाठी. अन् हिनं तो देऊन टाकला.

तेवढ्यात सर आले. "मुलांनो, हे काळे दगड म्हणजे बसाल्ट. करोडो वर्षांपूर्वी आपल्या वाशिमच्या जागेवर नुसता लाव्हा वाहत होता."

पोरं आ करून आयकत होते. रूपाचा आ सगळ्यात मोठा. देवमन विहिरीतून वर आला का पह्यले अशीच पाहे पोरगी त्याच्याकडं.

"आता याच्या पोटात काय आहे, बघू." सरनं एक काळा गोटा घेतला, हातोडी मारली. हातोडी उसळली. पुन्हा मारली, तं नुसती कपची उडाली.

"सरका."

देवमननं गोट्याले थुंका लावला, फिरवून फिरवून पाह्यला, अन् एकच ठोका. दोन भकलं झाले. आत पांढरे दाने लखलखले.

"वा! तुम्ही याला काय म्हणता?"

"मांजऱ्या."

"म्याऊ!" मांगून कोनीतरी वरडलं. पोरं खदखदले. रूपाबी हासली. देवमनची कानशिलं तापली.

"आंगावर ठिपके हायेत नं, मांजरीवानी. हासाले काय झालं?"

"हसू नका रे, लिहून घ्या," सर म्हणाले. "देवमनभाऊ, दोन्ही तुकडे ठेवा इथं. तुमचंच नाव लिहू चिठ्ठीवर."

देवमननं एक भकल टेबलावर ठेवलं. दुसरं रूपाच्या हातात कोंबलं अन् तिची मूठ वरून आपल्या हातानं दाबली.

"हे कोनाले देऊ नोको. कोनालेच."

"पन बाबा, सर तं—"

"चाललो मी. मानसं विहिरीत उतरेल हायेत."